फाशीगराच्या हाताचा विटाळ

मार्टिन मॅकडोना या नाटककाराचे ‘हँगमेन’ हे नाटक २०१५ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. पुढच्या वर्षी त्याला नव्या नाटकासाठीचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले आणि २०२२ साली ते न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेले. मरणाच्या उंबरठ्यावर उभे राहून माणसाला हसवणारा लेखक अशी मॅकडोनाची ख्याती आहे. या नाटकाचा नायक हॅरी वेड हा निवृत्त फाशीगर. पांढरपेशा समीक्षेने या नाटकातल्या काळ्या विनोदाचे पुष्कळ कौतुक केले आहे. मला त्यात दुसरेच काही दिसते. राज्यसंस्थेला माणूस मारायचा असतो तेव्हा ती स्वतःचे हात कसे धुऊन घेते आणि ते घाण पाणी कोणाच्या अंगावर फेकते, हा आपला जुना प्रश्न आहे. तो प्रश्न हातात धरूनच या नाटकाकडे आणि त्यामागच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

पहिला प्रवेश १९६३ सालचा, तुरुंगातला. हेनेसी नावाचा तरुण आपण निर्दोष आहोत असे ओरडत कोठडीतल्या खाटेला मिठी मारून बसला आहे. हॅरी आणि त्याचा सहायक सिड त्याला ओढताहेत. मरणाऱ्याची एक तक्रार अशी की, मारायचेच होते तर पिअरपॉइंटला तरी बोलवायचे. हा दुय्यम प्रतीचा फाशीगर माझ्याच वाट्याला का? आणि हॅरीला झोंबते ते हेच. समोरचा माणूस खरोखर निर्दोष असेल ही शंका त्याला शिवत नाही. आपल्याला दुसऱ्या क्रमांकाचे म्हटले याचा मात्र त्याला संताप येतो. प्रेक्षक हसतात, आणि ते हसत असतानाच खटका ओढला जातो.

पुढचा प्रवेश १९६५ चा. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी रद्द झाली आहे. हॅरी ओल्डहॅम गावात दारूचे दुकान चालवतो. गिऱ्हाइके त्याच्याभोवती कोंडाळे करून बसलेली असतात, कारण माणसे मारलेल्या माणसाच्या हातची बिअर प्यायची त्यांना हौस आहे. वार्ताहर येतो. हॅरी आधी आढेवेढे घेतो, मग तासभर बोलत सुटतो. पिअरपॉइंटचा आकडा माझ्यापेक्षा मोठा दिसतो खरा, पण त्यात जर्मन धरलेले आहेत, ते धरायचे नाहीत, असा त्याचा हिशेब! मग लंडनहून मूनी नावाचा एक तिरकस तरुण येतो, हॅरीची मुलगी नाहीशी होते, आणि संशयाने पेटलेला हॅरी आपल्याच दुकानात मूनीच्या गळ्यात दोर अडकवतो. नेमका त्याच वेळी खुद्द पिअरपॉइंट दारात उभा राहतो. पडद्याआड गळ्याला दोर लावलेला माणूस आणि पडद्यापुढे दोन फाशीगरांची मानापमानाची बाचाबाची. मूनी मरतो, आणि थोड्या वेळाने मुलगी सुखरूप घरी येते. पुरावा नाही, न्यायाधीश नाही, अपील नाही. कायदा गेला तरी हाताची सवय गेली नाही. हेनेसी दोषी होता की मूनी, हे नाटक अखेरपर्यंत सांगत नाही.

नाटकातला हॅरी काल्पनिक आहे, पिअरपॉइंट खरा. आल्बर्ट पिअरपॉइंटचा बाप हेन्री आणि काका थॉमस हे दोघेही फाशीगर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हामेलन येथे जर्मन युद्धगुन्हेगारांना फाशी देण्याचे काम त्याच्याकडे होते. १९४६ पासून ओल्डहॅमजवळच्या हॉलिनवुडला त्याचे दारूचे दुकान होते. दुकानाचे नाव होते ‘हेल्प द पुअर स्ट्रगलर’, म्हणजे झगडणाऱ्या गरिबाला हात द्या! या नावावर कोणा नाटककाराला कडी करता आली नसती. जेम्स कॉर्बिट नावाचे एक गिऱ्हाईक तेथे त्याच्याबरोबर गाणी म्हणत असे. १९५० साली कॉर्बिटने एका बाईचा खून केला आणि मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याच्या गळ्यात दोर अडकवला तो त्याच्या या गाणाऱ्या मित्राने. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात ३१ जुलै १९४० रोजी उधमसिंगांना फाशी झाली, तेव्हाही सहायक म्हणून पिअरपॉइंट हजर होता.

त्याच्या हातून काय काय झाले याची एक जोडी पाहा. आपल्या तान्ह्या मुलीचा खून केला म्हणून टिमथी इव्हान्सला त्याने मार्च १९५० मध्ये फाशी दिले. त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी हा अनेक बायकांचा खुनी होता, हे नंतर उघडकीस आले. त्यालाही १९५३ साली पिअरपॉइंटनेच फाशी दिले. इव्हान्सला १९६६ साली मरणोत्तर माफी मिळाली. १९५३ मध्येच फासावर गेलेल्या एकोणीस वर्षांच्या डेरेक बेंटलीची शिक्षा रद्द व्हायला १९९८ साल उजाडले. पिअरपॉइंटने नोकरी सोडली ती मात्र या कशामुळे नव्हे. १९५६ साली एका कैद्याची फाशी आयत्या वेळी टळली आणि सरकारने त्याला ठरलेले पंधरा पाउंड न देता एक पाउंड देऊ केला. माणसामागे मजुरी होती, माणूस वाचला तर मजुरी बुडाली! १९७४ साली त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात फाशीने सूडापलीकडे काही साधत नाही असे सांगितले. हे शहाणपण त्याला सुचले ते दोर खाली ठेवल्यानंतर. न्यायमूर्तींना तर तेही सुचलेले फारसे ऐकिवात नाही.

इंग्लंडात जुन्या काळी फाशीगराविषयी घृणा होतीच. सतराव्या शतकातल्या जॅक केच या फाशीगराचे नाव पुढे सगळ्याच फाशीगरांना शिवीसारखे लावले जाई. पण विसाव्या शतकात त्याच्या दुकानी लोक हस्तांदोलनासाठी येत, त्याच्या हातचा पेला ओठाला लावत. त्या हाताचा विटाळ होत नव्हता. जर्मनीत मात्र तो होत होता, आणि तो इतका आपल्या ओळखीचा आहे की वाचताना आपल्याच गावची वेस दिसू लागते.

न्यूरेंबर्ग शहराचा फाशीगर फ्रांट्झ श्मिट याने १५७३ ते १६१७ अशी चव्वेचाळीस वर्षे आपल्या कामाची रोजनिशी लिहिली. ३९४ देहान्त शिक्षा त्याच्या हातून झाल्या; फटके, बोटे तोडणे, कान कापणे निराळेच. श्मिट घराणे मुळात फाशीगराचे नव्हते. त्याचा बाप हाइनरिश होफ गावचा लाकूडतोड्या. १५५३ साली तेथला सरदार आल्ब्रेख्ट याने कटाच्या संशयावरून तीन बंदूक कारागिरांना पकडले, आणि समोरच्या गर्दीतल्या हाइनरिशला हुकूम केला की, यांना फासावर लटकव, नाहीतर तूच लटकशील. त्याने लटकवले. त्या एका दुपारपासून शेजाऱ्यांनी घराशी व्यवहार तोडला. हाइनरिशला दुसरा धंदा उरला नाही आणि मुलालाही तोच धंदा करावा लागला. एका माणसाच्या हातून जबरदस्तीने करवलेले काम असे जन्माला चिकटते. जात कशी तयार होते याचे पोथ्यांत सापडणार नाही असे हे प्रात्यक्षिक आहे.

जर्मन शहरांत अशा माणसांना ‘अप्रतिष्ठित’ म्हणत. कारागिरांच्या संघांत त्यांच्या मुलांना प्रवेश नाही, लग्नसंबंध आपसातच. फाशीगराच्या किंवा वधस्तंभाच्या स्पर्शाने कारागीर बाटे आणि संघाबाहेर फेकला जाई. वधस्तंभ दुरुस्त करायचा तर सगळ्या सुतार-गवंड्यांनी मिळून वाजतगाजत जायचे, म्हणजे सगळ्यांनीच हात लावल्यावर कोणाला कोणाचे नाव ठेवता येणार नाही! आणि या फाशीगराच्याच हाताखाली गावातली मेलेली ढोरे ओढून नेणारे, त्यांची कातडी सोलणारे लोक असत. त्यांची जागा त्याच्याही खाली. उतरंड तेथेही होती. मेलेले ढोर आणि मारायचा माणूस या दोन्ही गोष्टी समाजाने एकाच वस्तीच्या दारात आणून टाकल्या.

श्मिट हुशार होता. तो दारूला शिवत नसे, आणि त्याला वैद्यकी येत होती. जोड बसवणे, जखमा भरणे यांसाठी दिवसा त्याला टाळणारे लोक त्याच्याच दारी येत. आपण पंधरा हजार रोगी तपासले असा त्याने स्वतः दावा केला आहे. निवृत्तीनंतर, १६२४ साली, त्याने सम्राट दुसरा फर्डिनंड याच्याकडे अर्ज केला: माझ्या बापावर हे काम लादले गेले, माझी प्रतिष्ठा परत द्या, माझी मुले मोकळी करा. सम्राटाने तसे पत्र दिले. म्हणजे तेथे विटाळ कागदाने जात होता. श्मिटचे घराणे सुटले. बाकीच्या फाशीगरांची घराणी होती तेथेच राहिली. एकट्याने वर चढून जाणे आणि सगळ्या वस्तीने काम नाकारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याला नकार द्यायला सांगितले आणि १९२८ साली महार वतनाच्या कायद्यातच दुरुस्ती मागितली, ती दुसऱ्या वाटेने.

फ्रान्समध्ये हा प्रश्न थेट संसदेत आला. डिसेंबर १७८९ मध्ये फाशीगर, नट, प्रोटेस्टंट आणि ज्यू यांना नागरिकत्वाचे हक्क द्यायचे की नाही यावर चर्चा झाली. तेथे क्लेर्मों-तोनेर या सभासदाने विचारले की, कायदा एका माणसाला एखादे काम कर म्हणतो आणि ते केल्याबद्दल त्यालाच कलंकित ठरवतो, हे कसे? एक तर ती शिक्षा चूक आहे, नाहीतर तो कलंक. अडीचशे वर्षे होत आली, या प्रश्नाला आपल्याकडच्या धर्मशास्त्र्यांनी उत्तर दिलेले नाही.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. राजाज्ञेने वध्याला मारण्याचे काम चांडाळाने करायचे आणि मेलेल्याची वस्त्रे, अंथरूण, दागिने घ्यायचे. मजुरीसुद्धा प्रेताच्या अंगावरून काढून घ्यायची! श्मिट घराण्याला आधी काम चिकटले आणि मग विटाळ. मनूने आधी जन्माने विटाळ ठरवला आणि मग त्यावर काम लादले. हिंसेचा विटाळ असता तर क्षत्रियाला आधी वेशीबाहेर घालावे लागले असते. आठव्या अध्यायात हाच मनू ब्राह्मणाला देहान्त शिक्षेतून सूट देतो. मारण्याची आज्ञा देणारा, मरणातून सुटणारा आणि मारण्याचे पाप वाहणारा, तिघांच्या जागा जन्मानेच नक्की.

या तिन्ही जागा एकाच वेळी रंगमंचावर आणणारे एक नाटक आपल्याकडे आहे. देवलांनी मराठीत आणलेले शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. वर्गात ते शिकवताना बहुतेकांचा जीव वसंतसेनेत अडकलेला असतो आणि दहावा अंक घाईने उरकला जातो. नवव्या अंकात न्यायाधीश चारुदत्ताला दोषी ठरवतो, पण ब्राह्मण म्हणून हद्दपारी सुचवतो. सुळावर देण्याचा हुकूम पालक राजाचा. दहाव्या अंकात दोन चांडाळ त्याला घेऊन निघतात. आज वार कोणी करायचा, पाळी तुझी की माझी, यावर त्यांचा वाद. एक म्हणतो, बापाने मरताना सांगितले आहे की वध करायची घाई करू नकोस. कोणी सावकार पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होऊन बंदिवान सुटतील, हत्ती पिसाळून गोंधळ उडेल, नाहीतर राज्यच पालटेल. मॅकडोनाच्या कितीतरी आधीचा हा काळा विनोद आहे आणि तो अधिक माणुसकीचा आहे. हॅरीला घाई असते. हे चांडाळ मुद्दाम रेंगाळतात. आम्ही चांडाळ कुळात जन्मलो तरी चांडाळ नाही, सज्जनाला छळणारा तो चांडाळ, असेही ते सांगतात. तलवार हातातून गळते तेव्हा त्यातला एक सह्यवासिनीला हाक मारतो. म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या देवीला!

आणि चारुदत्त? मरणापूर्वी मुलाला पाहण्यासाठी तो त्यांच्याकडे याचना करतो. ते चकित होऊन विचारतात, तू आमच्या हातून दान घेणार? तेव्हा हा सज्जन ब्राह्मण आधी ‘पाप शांत होवो’ अशा अर्थाचे उद्गार काढतो आणि मग म्हणतो की, चांडाळ पालकासारखा दुष्ट नाही. मान सुळाखाली असतानाही विटाळ सुटत नाही. शेवटी तो त्या दोघांना बक्षीस देतो ते सगळ्या चांडाळांचे अधिपती होण्याचे. धंदा तोच, वस्ती तीच, फक्त मुकादमी मिळाली. शूद्रकाला हे दिसत होते की नाही यावर मी वाद घालणार नाही. मजकुरात ते आहे.

मराठी मुलखात हे काम मांगांच्या माथी मारलेले होते, अशी इंग्रजी अमलातल्या जातिवर्णनांत नोंद आहे. दोर वळणारे तेच, दोर ओढायला लावलेलेही तेच. हुकूम पेशव्याच्या कचेरीतून सुटे. भाषेत शब्द शिल्लक राहिला तो ‘मांगहृदयी’. निर्दय माणसाला हा शब्द लावणाऱ्या मराठी लेखकांना ‘कारभारीहृदयी’ असा शब्द कधी सुचला नाही. आणि त्याच पेशवाईबद्दल जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे १८५५ साली ‘ज्ञानोदया’त काय लिहिते? तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडू करीत. ज्यांना मारेकरी ठरवले, मरत होते तेच.

बौद्ध वाङ्मयातही एक निवृत्त फाशीगर आहे. आपल्या व्याख्यानांतून त्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे. धम्मपदाच्या अट्ठकथेत, सहस्सवग्गाच्या आरंभी तंबदाठिक येतो. नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको: तांबड्या दाढीचा. हा आधी दरोडेखोर. टोळी पकडली गेली तेव्हा इतरांना मारील त्याला जीवदान मिळेल असे सांगण्यात आले, आणि कोणी तयार होईना तेव्हा हा झाला. पुढे पंचावन्न वर्षे त्याने राजाचे चोर मारले. म्हातारपणी एका घावात मान तुटेना म्हणून त्याला काढून टाकले. नवे वस्त्र, फुलांची माळ, दुधातली पेज, एवढ्या दिवसांत न मिळालेले सारे त्या दिवशी त्याने मांडले, तोच दारात सारिपुत्त भिक्षेला उभे. त्याने पेज त्यांना वाढली. त्या काळच्या कोणत्याही श्रोत्रियाने त्याची पेज घेतली नसती, सारिपुत्तांनी घेतली. उपदेश सुरू झाला, पण म्हाताऱ्याचे चित्त ठरेना. मारलेली माणसे आठवू लागली. सारिपुत्तांनी विचारले, ते तू आपल्या मनाने केलेस की कोणी करविले? राजाने करविले, तो म्हणाला. मग त्यात तुझे पाप कोणते? या प्रश्नाने त्याचे मन शांत झाले आणि तो ऐकू लागला.

ही गोष्ट मला सहजासहजी पचत नाही. हुकमाचा ताबेदार म्हणून सुटका होत असेल तर जगातला प्रत्येक मारेकरी सुटेल. श्मिटच्याच न्यूरेंबर्गमध्ये १९४६ साली जर्मन नेत्यांच्या खटल्यात हा बचाव नाकारण्यात आला. पण बारकाईने पाहिले तर सारिपुत्तांनी ‘तुला पाप नाही’ असा निर्वाळा दिलेला नाही. त्यांनी प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नात राजाचे नाव बाहेर आले. आज्ञा देणाऱ्याकडे बोट वळवणारा प्रश्न फाशीगराच्या अंगणात बसून, त्याची पेज हातात घेऊन विचारला गेला, याला महत्त्व आहे.

राजांना हे बोट चांगले कळते. त्रावणकोर संस्थानच्या फाशीगरावर अडूर गोपालकृष्णन यांचा ‘निळलकुत्त’ हा २००२ सालचा मल्याळी चित्रपट आहे. त्यात महाराजांचा माफीनामा घेऊन स्वार येतो, पण फाशी झाल्यावर. पाप टळते आणि फाशीही टळत नाही. फाशीगराच्या घरी मात्र वापरलेला दोर टांगलेला असतो, आणि त्याच्या राखेने आजार बरे होतात म्हणून लोक त्याच्या दाराशी येतात. कोलकात्यातही २००४ च्या अलीपूर तुरुंगातल्या फाशीनंतर फाशीगराकडे दोराचे तुकडे मागायला लोक आले होते.

घटना समितीत ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी फाशीची शिक्षा मुळातच रद्द करणे बरे, असे मत दिले. हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानतो, मग तो आदेश शिक्षेच्या बाबतीतही पाळावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मानला गेला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य होते, जवळपास तेवढेच आर्थिकदृष्ट्या दुर्बळ. अनुसूचित जाती-जमातींचे २४.५ टक्के. दोर ओढण्याचे काम आज जातीने वाटले जात नाही असे म्हणता येईल. दोराखाली कोण उभा राहतो त्याचे हे आकडे आहेत.

नाटकातल्या हेनेसीला काल्पनिक म्हणून सोडून देता येते. महाराष्ट्रात २००३ साली नाशिक परिसरात झालेल्या दरोडा आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर मान्य झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितले आणि सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. दहा वर्षांच्या अंतराने दिलेले हे दोन्ही निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापलेले आहेत.